लॉजमध्ये तरुण येतात, पण टिकत नाहीत

पत्र : ताई, मी मराठवाड्यातल्या एका फ्रीमेसन लॉजचा, म्हणजे विधी पाळणाऱ्या जुन्या बंधुसंघाच्या शाखेचा, सीनियर वॉर्डन, मास्टरच्या खालोखालचा पदाधिकारी. गावाचं नाव छापू नका, इथं सगळे एकमेकांना ओळखतात. माझं बियाणं-खतांचं दुकान आहे. येत्या वर्षी मास्टरच्या, म्हणजे लॉजप्रमुखाच्या, खुर्चीवर बसायची पाळी माझी. गेल्या चार-पाच वर्षांत आम्ही दहा-बारा तरुण घेतले. डॉक्टर, सीए, एक जिनिंगवाला, दोन बांधकाम ठेकेदार. सभासदत्वाच्या तिन्ही पदव्या, ज्या विधी करून देतात, झाल्या की निम्मे फिरकेनासे होतात. जे येतात त्यांना विचारलं, हा विधी कशासाठी, तर एकमेकांकडं बघतात. म्हणून मी ठरवलंय की दर महिन्याला मुंबई-पुण्याहून वक्ता बोलवायचा, पीपीटी करायची, व्हॉट्सॲपवर रोज माहिती टाकायची, वर्षाअखेर छोटी परीक्षा आणि सर्टिफिकेट. आमचे पास्ट मास्टर म्हणतात, ‘आम्हाला कोणी शिकवलं होतं? माणूस आपोआप शिकतो.’ तुम्ही आयुष्यभर शिक्षक घडवले. अभ्यासक्रम कसा आखावा, सांगाल का?

उत्तर : भाऊ, नमस्कार.

अभ्यासक्रम मी देणार नाही, आणि परीक्षेचं तर डोक्यातून काढूनच टाका. दिवसभर ओपीडी करून रात्री काळा सूट घालून तुमच्याकडं येणाऱ्या डॉक्टरला आणखी एक सर्टिफिकेट नकोय, त्याच्या दवाखान्याच्या भिंतीवर जागा उरलेली नाही. पीपीटीत जे दाखवाल ते त्याच्या मोबाईलमध्ये आधीपासून आहे. १७१७ साली लंडनमधल्या चार लॉजनी मिळून पहिली ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांची मध्यवर्ती संस्था, केली, १७२३ मध्ये अँडरसनने नियमांचं पुस्तक छापलं, २४ नोव्हेंबर १९६१ ला ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झाली, हे सगळं त्यानं अर्ज भरायच्या आधीच वाचलेलं असतं. माहिती कमी पडली म्हणून कोणी लॉज सोडत नाही.

मग का सोडतात? ते मला विचारू नका, त्यांना विचारा. तुमच्या पत्रात दोन ठेकेदार, सीए, जिनिंगवाला सगळे आले, पण त्यांच्यापैकी एकाला तरी तुम्ही ‘का येत नाही?’ असं विचारल्याचं कुठं दिसलं नाही. खुर्चीवर बसायच्या आधी हे एक काम करा. फोनवर नको, फोनवर सगळेच ‘कामात होतो’ म्हणतात. त्यांच्या दुकानात, साइटवर जा, चहा घ्या आणि दोनच गोष्टी विचारा. पहिल्या दिवशी काय वाटलं होतं, आणि तिसरी पदवी झाल्यावर पुढच्या महिन्यात कोणाचा फोन आला होता? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण हसतील. ते हसणं म्हणजेच तुमच्या पत्राचं उत्तर आहे, पण ते त्यांच्या तोंडून ऐका.

मी बाहेरची आहे आणि बाई असल्यामुळे तुमच्या लॉजच्या दारापाशीच थांबायची. (ॲनी बेझंटबाईंनी स्त्री-पुरुष दोघांच्या लॉज भारतात रुजवल्या, पण तुमची ग्रँड लॉज त्यांना आपल्यात धरत नाही. असो.) पण माझे थोरले दीर मेसन होते, त्यामुळे ही बिरादरी घरातून पाहिलेली आहे. भाऊजी निजामाच्या राज्यात उर्दू शाळेत शिकलेले. विधीचं इंग्रजी पुस्तक हातात, त्यात निम्मे शब्द नुसत्या पहिल्या अक्षराने छापलेले, ते घेऊन गच्चीवर येरझाऱ्या घालायचे. आळीतल्या पोरांना वाटायचं, हे कसला तरी मंत्र सिद्ध करतायत. लॉजच्या इमारतीला तेव्हा लोक जादूघरच म्हणत. रविवारी त्यांच्याच लॉजमधले पोस्टातले एक साहेब यायचे. साहेब वयाने फार मोठे नव्हते, भाऊजींच्या तीन-चार वर्षं आधी आत गेलेले. दोघं उर्दू-मराठीच्या खिचडीत एकेक वाक्य सोडवायचे. मी चहा घेऊन गेले की गप्प. भाऊजी पुढं मास्टर झाले, म्हातारपणी काठी टेकत जायचे पण बैठक चुकवायचे नाहीत. त्यांना कोणी अभ्यासक्रम दिला नव्हता, पण एक माणूस दिला होता.

तुमच्या पास्ट मास्टरांनाही असाच कोणीतरी भेटला असणार. माणूस विसरतो आणि वाटतं आपण आपोआप शिकलो. तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नका, नुसतं विचारा, ‘साहेब, तुम्हाला पहिल्या वर्षी कोण घेऊन बसायचं?’ नाव निघेल. नाव निघालं की गोष्टी निघतील, आणि मग तुमच्या योजनेला विरोध करणं त्यांनाच अवघड होईल.

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक नव्या सभासदामागे एक माणूस नेमा, नाव घेऊन, सगळ्यांसमोर. मेंटॉर म्हणा, सोबती म्हणा, काहीही म्हणा. हा माणूस कोण नसावा ते आधी सांगते. ज्याने नाव सुचवलं तो नसावा. मराठवाड्यात नाव सुचवणारा बहुतेक वेळा गिऱ्हाईक असतो, नाहीतर व्याही, नाहीतर बँकेचा मॅनेजर. त्याच्यासमोर ‘मला हे काहीच कळलं नाही’ असं म्हणायला नवा माणूस धजत नाही. पास्ट मास्टरही नसावा. डी.एड. कॉलेजात आम्ही नव्या शिक्षकाला आधी मुख्याध्यापकाच्या हाताखाली द्यायचो. मुख्याध्यापकाला सगळं येतं, पण आपल्याला कधीकाळी काय येत नव्हतं हे तो विसरलेला असतो. पुढं तीन वर्षं झालेला शिक्षक जोडीला द्यायला लागलो तेव्हा फरक पडला, कारण त्याच्या शंका अजून ताज्या होत्या. तुमच्याकडंही तीन-चार वर्षं झालेला, अजून वॉर्डनच्या वाटेवर नसलेला माणूस शोधा. त्याला शिकवावं लागलं की तोही टिकतो. गळतीचे दोन दरवाजे एकदम बंद होतात.

आणि त्याच रस्त्याचा माणूस बघा. मराठवाड्यातल्या लॉजमध्ये माणसं साठ-सत्तर किलोमीटरवरून येतात, जालन्याहून संभाजीनगरला किंवा परभणीहून नांदेडला यावं तशी. रात्री जेवणं उरकून परत निघतात. त्या गाडीतला सव्वा तास तुमच्या कुठल्याही व्याख्यानापेक्षा मोलाचा आहे. विधी नुकताच झालेला असतो, डोक्यात सगळं घुमत असतं, बाहेर अंधार, आणि विचारायला शेजारी माणूस. दोघांनी वेगवेगळ्या गाड्यांनी जायचं नाही, एवढा एकच नियम करा. पेट्रोलही वाचेल.

या माणसाचं काम पहिल्या पदवीच्या आधीपासून सुरू होतं. एकदा नव्या सभासदाच्या घरी जायचं. बायकोसमोर सांगायचं की प्रवेश फी किती, वार्षिक वर्गणी किती, एप्रनला किती लागतील, जेवणाचा आणि दानधर्माचा खर्च किती, महिन्यातल्या कोणत्या वारी रात्री किती वाजता घरी परत येणार. देवावर श्रद्धा लागते, कोणत्या देवावर ते कोणी विचारत नाही, लॉजमध्ये धर्म आणि राजकारणावर चर्चा होत नाही, हेही सांगायचं. यात गुप्त काहीच नाही. पण हे न सांगितल्यामुळे घरोघरी संशय शिजतो आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ‘आज नाही गेलं तर नाही का चालणार?’ सुरू होतं. आमच्या घरात भाऊजींनी ते कधी सांगितलं नाही. माझ्या जाऊबाई शेवटपर्यंत एप्रनच्या त्या काळ्या पेटीकडं वाकड्या नजरेनं बघत राहिल्या.

पहिल्या पदवीच्या दुसऱ्या दिवशी फोन. पुढच्या बैठकीत शेजारी बसणं, कधी उठायचं, कधी बसायचं, हे हळूच सांगणं. जेवणाच्या टेबलावर त्याला परक्यासारखं टोकाला न सोडणं. हे बारीक वाटतं, पण चाळीशीतला यशस्वी माणूस सगळ्यांसमोर चुकायला फार घाबरतो. शाळेतल्या पोरापेक्षा जास्त.

पदव्यांच्या घाईबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. इंग्लंडच्या नियमांत दोन पदव्यांमध्ये किमान चार आठवडे हवेत. तो किमान काळ आहे, पण बऱ्याच ठिकाणी तोच वेळापत्रक होऊन बसतो. या महिन्यात पहिली, पुढच्या महिन्यात दुसरी, त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरी. विधी करायला उमेदवार हवा असतो, म्हणून उमेदवाराला पुढं ढकललं जातं. दुसऱ्या आणि तिसऱ्या पदवीच्या आधी त्याला काही ठरलेले प्रश्न विचारतात. तो उत्तरं पाठ करतो, अडला की शेजारी उभा असलेला डीकन नावाचा पदाधिकारी कानात पुटपुटतो, हा तेच मोठ्यांदा म्हणतो, झालं. त्या प्रश्नोत्तरांत तुमचा अभ्यासक्रम पूर्वीपासून पडून आहे. अमेरिकेतल्या कित्येक लॉजमध्ये नव्या माणसाला एक शिकवणारा देतात आणि त्या पदवीचं पाठांतर भर लॉजमध्ये म्हणून दाखवल्याशिवाय पुढची पदवी मिळत नाही. फ्रान्स-जर्मनीकडं नव्या सभासदाला स्वतः निबंध लिहून लॉजमध्ये वाचावा लागतो, आणि फ्रेंच लॉजमध्ये तर पहिल्या पदवीवाल्यानं बैठकीत तोंड उघडायचं नाही, नुसतं ऐकायचं. इंग्रजांनी १८२३ मध्ये विधीचा सराव करायला एम्युलेशन लॉज ऑफ इम्प्रूव्हमेंट काढली, ती आजही चालू आहे. रीती वेगळ्या, पण कुठंही एका बैठकीत पदवी आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरणं असं ठरवलेलं नव्हतं.

प्रसन्नकुमार दत्त हे नाव तुमच्या तरुणांना सांगा. कलकत्त्याच्या या व्यापाऱ्याने १८६३ मध्ये मेसन होण्यासाठी अर्ज केला. तिथल्या इंग्रज वरिष्ठांचं म्हणणं, हिंदू अनेक देव मानतो, त्याला कसं घ्यायचं? प्रकरण लंडनपर्यंत गेलं आणि दत्तांना प्रवेश मिळाला १८७२ मध्ये. त्याच्याआधी मुंबईत जेम्स बर्न्सने १८४३ मध्ये भारतीय लोकांसाठी रायझिंग स्टार लॉज काढली, त्यात माणेकजी कर्सेटजींसारखे पारशी आले. आज तुमच्या वेदीवर गीता, कुराण, बायबल, गुरू ग्रंथसाहिब असे वेगवेगळे ग्रंथ ठेवता येतात, त्यामागं ही भांडणं आहेत. नऊ वर्षं दारात उभ्या राहिलेल्या माणसाची गोष्ट ऐकली की तीन महिन्यांत आत आलेल्याला आपल्या आत येण्याचं काहीतरी वाटेल. आणि आपल्याकडचं सांगायचं तर त्याच १८७२ साली हैदराबादेत गोशामहल बारादरी मेसन लोकांना मिळाली. मराठवाडा तेव्हा त्याच निजामाच्या राज्यात होता, १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत. म्हणजे हा इतिहास लंडनचा जेवढा आहे तेवढा आपलाही आहे.

भाषेचा अडसर मोठा आहे आणि तो तुम्ही पत्रात लिहिला नाहीत, पण मला ओळींमधून दिसला. विधी इंग्रजीत, तोही दोन-अडीचशे वर्षांपूर्वीच्या वळणाचा. तुमचा ठेकेदार मराठी शाळेत शिकलाय. तो पाठ करतो, अर्थ विचारायला लाजतो. विधी आहे तसा इंग्रजीतच ठेवा, त्याला हात लावायचा अधिकार तुमचा नाही. पण बैठकीच्या आधी अर्धा तास, लॉज उघडायच्या आत, मराठीत बसा. उर्दू-हिंदीवाले असतील तर त्यांच्या भाषेत. विधीत खूण म्हणून येणाऱ्या गवंड्याच्या हत्यारांपैकी एका वेळी एकच घ्या. चोवीस इंची पट्टी म्हणजे दिवसाचे चोवीस तास, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या ठेकेदाराला त्याच्या साइटवरचा खरा ओळंबा आणि गुण्या घेऊन यायला सांगा. ओळंबा सुतात नसला तर चौथ्या मजल्यावर काय होतं, हे तो जितकं चांगलं सांगेल तितकं मुंबईचा कुठलाही वक्ता सांगणार नाही. मग खोलीतल्या प्रत्येकाला विचारा, तुमच्या धंद्यात ओळंबा कुठं सुटतो?

पहिलं उत्तर तुम्ही द्यायचं. युरियाची टंचाई असताना गोणीबरोबर शेतकऱ्याच्या गळ्यात नको असलेलं सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट मारतात, त्याला तुमच्या बाजारात लिंकिंग म्हणतात. तुम्ही करता असं मी म्हणत नाही. कंपनीच तुमच्या गळ्यात मारते आणि तुम्ही पुढं ढकलता, हेही मला माहीत आहे. पण मास्टर होणाऱ्या माणसानं चारचौघांत यावर बोलायचं धाडस केलं, तर डॉक्टर कट प्रॅक्टिसवर बोलेल आणि ठेकेदार सिमेंटच्या प्रमाणावर. तिथून तुमच्या लॉजचं शिक्षण सुरू होईल. पातळीचंही तसंच. लॉजमध्ये सगळे एका पातळीवर भेटतात म्हणता, तर गेल्या चार-पाच वर्षांत घेतलेल्या दहा-बारा नावांची आडनावं एकदा कागदावर लिहून बघा. मला कळवायची गरज नाही.

दुसरी पदवी फार दुर्लक्षित राहते असं भाऊजी म्हणायचे. तिच्यात सात विद्या शिकायला सांगितल्यात: व्याकरण, वक्तृत्व, तर्क, अंकगणित, भूमिती, संगीत, खगोल. सांगितल्यात, पण शिकतं कोण? इथं तुम्हाला सदस्यांकडून छोटे निबंध घेता येतील. दहा मिनिटं, स्वतःच्या शब्दांत, इंटरनेटवरून उतरवलेलं ऐकायचंच नाही. आधी नवे, मग जुने, पास्ट मास्टर सगळ्यात शेवटी. उलट क्रम लावला की तरुण बोलतच नाहीत. आणि एखाद्या रविवारी बायका-मुलांसकट संभाजीनगरला जा. वेरूळच्या कैलासाचं काम वरून खाली झालंय, एका अखंड खडकात, आठव्या शतकात. तिथं चुकलेला दगड पुन्हा भरता येत नव्हता. बीबी का मकबऱ्याच्या मुख्य दारावर अताउल्ला आणि हंसपतराय अशी दोन नावं कोरलेली आहेत, एक वास्तुकार, एक अभियंता. दारापाशी थांबून ती शोधा. मुलांना त्यात मजा येईल आणि घरच्यांना लॉज म्हणजे काय ते थोडं कळेल.

तिसऱ्या पदवीनंतर सोबत्यानं हात सोडायचा नाही, अजून किमान एक वर्ष. तुमची गळती तिथंच आहे, कारण त्यानंतर त्या माणसाला लॉजमध्ये काही कामच उरत नाही. त्याला ओहदा द्या असं मी म्हणत नाही. आल्मोनरबरोबर, म्हणजे मदतकार्य बघणाऱ्या पदाधिकाऱ्याबरोबर, पाठवा. एखाद्या दिवंगत सभासदाच्या पत्नीला भेटून यायचं, आजारी सदस्याच्या डायलिसिसच्या तारखा सांभाळायच्या. डॉक्टरला हे सहज जमेल, सीएला एखाद्या विधवेचे पेन्शनचे कागद लावून देता येतील. मेसनांचं दान म्हणजे दरवर्षी कुठल्या तरी शाळेला वह्या वाटून काढलेला फोटो, असं नव्या माणसाच्या डोक्यात बसू देऊ नका.

यामुळे वर्षात दोन-तीनपेक्षा जास्त नवे घेता येणार नाहीत, कारण तेवढे सोबतीच नसतील. तुमचा सेक्रेटरी वर्गणीचा हिशेब घेऊन येईल. त्याला सांगा, अमेरिकेत १९५९ मध्ये चाळीस लाखांवर मेसन होते, आता दहा लाखांच्या खाली आलेत, आणि मधल्या काळात तिथं काही ठिकाणी एका दिवसात तिन्ही पदव्या देऊनही घसरण थांबली नाही. पेरणी दाट केली म्हणून पीक जास्त येत नाही, हे बियाण्याच्या दुकानदाराला मी काय सांगायचं.

वेळ कुठून काढायचा? इतिवृत्त वाचण्यात जातो तिथून. ते आधी पाठवून द्या आणि बैठकीत फक्त कायम करा. व्हॉट्सॲपवर तारखा, आजारपणं आणि गाडीत कोण कुणाबरोबर येतंय एवढंच असू द्या. रोजचे सुविचार नकोत, लोक ग्रुप म्यूट करतात आणि मग मृत्यूची बातमीसुद्धा दिसत नाही. मुंबईचा वक्ता वर्षातून एकदा बोलवा, हरकत नाही, पण त्याला भाषण द्यायला लावू नका. तरुणांचे प्रश्न आधी कागदावर गोळा करा आणि त्याला तेवढीच उत्तरं द्यायला सांगा. ज्येष्ठांपैकी ज्यांचं पाठांतर पक्कं आहे त्यांना पंधरवड्यातून एकदा सराव घ्यायला सांगा. एकेकाला घरी जाऊन, मान देऊन सांगा. सभेत जाहीर केलंत तर तिघं रुसतील.

शेवटची अडचण तुमच्या खुर्चीची आहे. ती एका वर्षाची. तुम्ही उतरलात की पुढचा मास्टर स्वतःची योजना आणेल, आणि तुमचे सोबती निम्म्या वाटेवर राहतील. म्हणून सोबत्यांवर लक्ष ठेवणारा एक माणूस तीन वर्षांसाठी नेमा, जो मास्टरच्या शर्यतीत नाही. एक साधी वही ठेवा: कोण कोणाचा सोबती, शेवटचं कधी भेटले, काय अडलं. आणि तुमच्यामागून खुर्चीवर येणाऱ्या ज्युनियर वॉर्डनला हे सगळं आताच सांगा, त्याची कल्पना असल्यासारखं त्याला वाटलं तरी वाटू द्या. तुमचा इन्स्टॉलेशनचा, म्हणजे खुर्चीवर बसायचा, दिवस तीन-चार महिन्यांवर असेल तर गळालेल्यांना भेटायला तेवढा वेळ भरपूर आहे. महिनाच उरला असेल तर आधी ज्युनियर वॉर्डनकडं जा, मग बाकीच्यांकडं.